बाटलीचा तळ

"मी हात धुतलेच नसते, तर बाळ जगलं असतं का?" प्रसूतिगृहातल्या मावशीने बऱ्याच वर्षांनी मला हा प्रश्न विचारला.

मावशी तिथली सफाई कामगार. दोन खाटांच्या त्या प्रसूतिगृहात तिने एकवीस वर्षे काढली होती. फरशी पुसणे, नाळ कापायची पाती उकळणे आणि हात धुण्याच्या जंतुनाशकाची बाटली भरून ठेवणे, ही तिची कामे. औषधाचा पुरवठा कायम तुटपुंजा. त्यामुळे थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही, हा तिचा बाणा. तळाशी उरलेल्या द्रावणावरच ती रोज सकाळी थोडे नवे औषध ओती आणि नळाचे पाणी घालून बाटली गळ्यापर्यंत भरी.

"मावशी, फरशी इतकी घासलीत की पाय ठेवायला लाज वाटते," सिस्टर म्हणायच्या.

"मग उडत या!"

२००८ च्या उन्हाळ्यात ही थट्टा थांबली. आठ दिवसांत दोन नवजात बाळांच्या बेंबीभोवती लाली चढली. ती दूध ओढेनाशी झाली, गार पडली आणि गेली. इकडे मावशीच्या लेकीचे दिवस भरत आले होते.

मावशीने भिंती धुतल्या, पाती दुप्पट वेळ उकळली, आणि कुठल्याही बाळाला उचलण्यापूर्वी ती बाटलीतले औषध हातांवर घेऊ लागली. बाळांच्या मृत्यूंची चौकशी करायला आरोग्य खात्याचे तपासनीस गुरुवारी येणार होते. लेकीच्या कळा बुधवारी सुरू झाल्या.

"आई, दुसरीकडे जाऊ या का गं?"

"वेडी आहेस का? इथं मी आहे. परक्या ठिकाणी तुझ्याकडे कोण बघणार?"

दुपारी नात झाली. मावशीने कोपरापर्यंत दोनदा हात धुतले, मगच तिला घेतले. बेंबीही त्याच औषधाने पुसली.

गुरुवारी तपासनिसांनी फरशी, पाती, नळ, सगळ्यांवरून कापूस फिरवून नमुने घेतले. शेवटी त्यांनी बाटली खिडकीपाशी तिरकी धरली. तळाला बुळबुळीत थर होता.

"ही शेवटची कधी धुतलीत?"

"धुवायची कशाला? जंतू मारायचं औषध आहे ना ते!"

ते हसले नाहीत. पातळ, शिळ्या औषधात काही जंतू तगतात, वाढतातही. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवूनच पुन्हा भरायची असते, असे त्यांनी सावकाश समजावले. त्यांचे बोलणे संपायच्या आतच शेजारच्या खोलीतून लेकीची हाक आली.

"आई, ही दूध ओढत नाहीये."

पाचव्या दिवशी नात गेली. अहवालानुसार जंतू सापडले ते फक्त बाटलीत. लेकीने आईला दोष दिला नाही; त्या विषयावर ती पुन्हा बोललीच नाही.

लेकीचे दुसरे बाळंतपण २०११ साली चाळीस किलोमीटरवरच्या इस्पितळात झाले. मावशीला ते तीन आठवड्यांनी कळले.