आमचे व्याही आणि रिकामी जागा

या भूतलावरील एकही वस्तू व्याख्येवाचून अनाथ राहू नये, एवढ्याच कार्यासाठी परमेश्वराने आमच्या व्याह्यांना जन्माला घातले असावे, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. लौकिक दृष्टीने ते नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक आरेखक. आमच्याच गावात दोन गल्ल्या सोडून राहतात. कोणत्या जमिनीवर काय बांधावे, किती उंच बांधावे, आणि मुळात 'बांधणे' कशाला म्हणावे, याचे शब्द नीट बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पद निवृत्त झाले, शब्द मात्र निवृत्त होईनात. ते सकाळी फिरायला निघतात तेव्हा वाटेतल्या प्रत्येक घराकडे, जुना वैद्य येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीकडे पाहतो तसे पाहतात, आणि मधेच थांबून स्वतःशीच म्हणतात, "हा पोटमाळा नव्हे, हा मजलाच झाला."

माझा त्यांच्याशी परिचय झाला तो कन्येच्या विवाहाच्या निमित्ताने. मुलगी पाहायला म्हणून मंडळी आमच्याकडे आली. चहा झाला, पोहे झाले. मुलीला सर्वांनी काही ना काही विचारले. व्याही तेवढे दाराबाहेर पाहत बसले होते. शेवटी त्यांनी मला गंभीरपणे विचारले, "गुरुजी, बाहेर जे बांधले आहे, त्याला आपण ओटा म्हणता की व्हरांडा?" मी म्हणालो, "आम्ही तिथे बसतो." त्यावर ते म्हणाले, "बसणे हा वापर झाला. व्याख्या नव्हे." माझ्या पत्नीचा चेहरा उतरला. स्थळ गेले, असेच आम्ही धरून चाललो. निघताना मात्र ते उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "मुलगी आम्हांला पसंत आहे. न्हाणीघराचे दार स्वयंपाकघरात उघडते, तेवढे मात्र पाहा." लग्नापूर्वी मी ते दार फिरवून घेतले. एवढ्या निरपेक्ष बुद्धीने हुंड्याऐवजी दाराची मागणी करणारा वरपिता मी तरी दुसरा पाहिला नाही.

विवाहाच्या दिवशी मुहूर्ताची घटका भरत आली, अंतरपाट धरला, आणि वरपिता कुठे दिसेनात. शोधता शोधता ते मंडपाच्या मागे सापडले. हातात मोजपट्टी. कापडी मंडपाला इमारत म्हणावे का, आणि म्हटले तर तो रस्त्यापासून पुरेसा दूर आहे का, या विवंचनेत ते पडले होते. आमच्या विहीणबाईंनी येऊन पट्टीचे दुसरे टोक हिसकले. "अहो, ते खांब कुठी पळून राह्यले काय? पोरगं बोहल्यावर उभं आहे!" व्याही घाईघाईने अक्षता घेऊन उभे राहिले खरे, पण मंगलाष्टके चालू असताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तात्पुरते बांधकाम. सुटलो."

हा नियमांचा धाक ते दुसऱ्यांना घालतात आणि स्वतः सुटतात, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या घराला पुढे एक सज्जा आहे. त्यावर पत्रे घालावेत, बाजूने जाळी लावावी, अशी विहीणबाईंची कित्येक वर्षांची इच्छा. परंतु तसे केले की तो सज्जा 'खोली' या व्याख्येत शिरतो आणि मंजूर क्षेत्रफळ ओलांडले जाते. म्हणून पावसाळ्यात व्याही सज्ज्यात छत्री उघडून वर्तमानपत्र वाचतात. छत्री हे बांधकाम नाही, हे त्यांनी मला पूर्ण युक्तिवादासह पटवून दिले आहे. घराच्या बाजूला जी मोकळी पट्टी सोडावी लागते, तिच्यात विहीणबाईंनी एकदा तुळशीवृंदावन बांधायला घेतले. व्याही तीन दिवस त्याभोवती अस्वस्थपणे प्रदक्षिणा घालत होते. लोकांना वाटले, भक्ती वाढली. शेवटी विहीणबाई कडाडल्या, "आता तुळशीले बी नोटीस देता काय?" तेव्हा कुठे ते म्हणाले, "नाही, नाही. बागेतील शोभेची रचना म्हणून चालेल," आणि मग बाईंनी त्यांना शोभेवरून जे ऐकवले, ते मी येथे लिहीत नाही.

त्यांच्या बोलण्याची एक गंमत आहे. व्याख्या सांगू लागले की त्यांची भाषा राजपत्रासारखी होते; अडचणीत सापडले की ती तत्क्षणी वऱ्हाडी होते. त्यामुळे ते कोणत्या अवस्थेत आहेत, हे कळायला त्यांच्या मुखाकडे पाहावे लागत नाही.

माझे आयुष्य संस्कृत शिकण्यात आणि शिकवण्यात गेले. आमच्या न्यायशास्त्रात लक्षण कसे करावे, याचा फार सूक्ष्म विचार आहे. एका सायंकाळी, संध्या आटोपून मी ओट्यावर (की व्हरांड्यात) बसलो असता मी तो त्यांना सांगितला. गाय म्हणजे तांबड्या रंगाचा पशू, असे म्हटले तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला पशू, असे म्हटले तर म्हशी आत शिरतात; ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका खुराचा पशू, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. "घोडे सापडतील!" व्याही उद्गारले. म्हणून पूर्वसूरींनी सांगितले, की जिच्या गळ्याखाली कातड्याची झालर लोंबते, ती गाय. व्याह्यांनी दोन्ही हात जोडले. मला नव्हे, त्या झालरीला. "गुरुजी, हे लोक आमच्या खात्यात पाहिजे होते."

त्या दिवसापासून आमची मैत्री जुळली. मला कुतूहल होते ते एवढेच, की डोळ्यांना दिसणारे जग शब्दांच्या कुंपणात कोंडण्याचा हा हव्यास एका साध्या आरेखकात आला कुठून. आणि कुंपणाबाहेर काही राहिलेच, तर तो काय करील. निदान दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षितपणे मिळाले.

गावाच्या नव्या विकास योजनेचा नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागला. नागरिकांनी हरकती व सूचना द्याव्यात, असे आवाहन होते. लोक देवदर्शनाला जातात त्या भावाने व्याही मला घेऊन नकाशा पाहायला गेले. पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, हिरवा शेतीचा, असे ते मला बोटाने दाखवीत होते. एकाएकी ते बोट मारुतीच्या देवळामागे थांबले. तिथे गावाचे पोळ्याचे मैदान आहे. नकाशात तेथे निळा रंग होता: प्रस्तावित व्यापारी संकुल. सध्याचा वापर या सदरात लिहिले होते, रिकामी जागा.

महादेवराव आमच्या आधीच तिथे उभे होते. कपाशी आणि तुरीचे मध्यम शेतकरी. पोळ्यात शिंगांना मखर बांधलेला जो मानाचा बैल सर्वांपुढे असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरचा. तो पुढे झाल्यावाचून आमच्याकडे मैदानातले तोरण तुटत नाही, आणि तोरण तुटल्यावाचून बैल घराकडे सुटत नाहीत.

"काका, पोळा कुठी भरवाचा आता? दुकानाच्या गच्चीवर?"

व्याही शुद्ध राजपत्रात म्हणाले, "पाहणीच्या दिवशी ज्या जागेवर कोणताही वापर आढळत नाही, ती रिकामी जागा, अशी व्याख्या आहे."

"पाहाले कधी आलते ते? उन्हायात! उन्हायात पोळा असते काय?"

"पण व्याख्या..."

"कोन्या शहाण्यानं केली ते व्याख्या?"

व्याह्यांनी नकाशावरचे बोट काढून घेतले. परतताना देवळाजवळ आल्यावर हळूच म्हणाले, "मीच केलती, गुरुजी." भाषा वऱ्हाडी झाली होती.

ही त्यांची सर्वांत लाडकी व्याख्या होती. खात्यात नव्या पाहणीदारांना ती शिकवली जाई. एकही अधिक शब्द नाही, एकही उणा नाही, असे साहेबांनी तिच्याविषयी म्हटले होते. निवृत्तीच्या समारंभातही तिचा उल्लेख झाला होता. आता हरकत घ्यायची तर तिच्याविरुद्धच उभे राहायला हवे. न घ्यावी तर मैदान जाते. मनुष्य आपल्या अपत्याविरुद्ध साक्ष द्यायला निघतो, तेव्हा त्याचे जेवण कमी होते, एवढे मी पाहिले. विहीणबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, यायनं काल भाजीत मीठ नसल्याचं बी सांगतलं नाही."

मग व्याख्या दुरुस्त करण्याचा उद्योग सुरू झाला. "वर्षातून एकदा तरी वापर होणारी जागा रिकामी समजू नये," असे त्यांनी लिहून आणले. मी म्हटले, मग ज्या पडक्या भूखंडावर एकदा लग्नाचा मंडप पडतो, तोही यातून सुटेल. त्यांनी 'परंपरेने' हा शब्द घातला. मी म्हटले, परंपरेने तर लोक उकिरडेही वापरतात. त्यांनी कागद फाडला. शेवटी मी म्हणालो, "व्याही, शेजारती झाली की देवळाचे दार लागते. आत कोणी नसते. म्हणून आपण देऊळ रिकामे आहे असे म्हणतो का? देव निजले आहेत, असे म्हणतो." त्यांनी मान वर केली. "हे लिहिता येत नाही, गुरुजी," ते म्हणाले. पण त्या रात्री ते जेवले.

हरकत त्यांनी दिलीच. सुनावणीला मीही गेलो. समितीसमोर नगररचनेच्या एक तरुण अधिकारी बसल्या होत्या. मागे महादेवराव आणि दहावीस शेतकरी. बाईंनी हरकत वाचली आणि सौम्यपणे म्हणाल्या, "काका, पाहणी व्याख्येप्रमाणेच झाली आहे. ही व्याख्या आम्हांला प्रशिक्षणात शिकवतात. तिच्यात चूक काय?"

"ती माझी आहे, मॅडम," व्याही म्हणाले. "तिच्यात अतिव्याप्ती आहे. जी जागा रिकामी नाही, तीही तिच्यात शिरते."

बाईंनी हातातील लेखणी खाली ठेवली. "मग योग्य व्याख्या सांगा. मी नोंदवून घेते."

आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहावी, तो प्रश्न समोर आला होता. व्याह्यांनी घसा साफ केला. मागे बसलेल्या महादेवरावांनी डोक्यावरची टोपी हातात घेतली. शेवटी व्याही म्हणाले, "मले नाही सांगता येत. तुम्ही पोळ्याले या, मॅडम. उभ्या राहून पाहा. पाहणीचा दिवस तेवढा बदला."

बाईंनी नोंद केली: स्थळपाहणी, श्रावण अमावास्या.

त्या दिवशी बाई खरोखरच आल्या. व्याही सकाळपासून मैदानात, धुतलेले धोतर नेसून, जणू स्वतःच्या घरचे कार्य. एकेक जोडी येऊ लागली: अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळी बाशिंगे. मात्र जोड्या पूर्वीइतक्या नव्हत्या, आणि व्याह्यांची नजर पुनःपुन्हा वेशीकडे जात होती. मोकळ्या मैदानात थोडे बैल म्हणजे बाईंच्या डोळ्यांना पुन्हा रिकामी जागाच. तेवढ्यात एकाने ट्रॅक्टरलाच बाशिंग बांधून रांगेत आणले. बाईंनी हसून विचारले, "काका, हा धरायचा का?" व्याही क्षणभर त्या ट्रॅक्टरच्या गळ्याखाली पाहत राहिले आणि म्हणाले, "त्याच्या मालकाला धरा."

मग झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडे तोरणाखाली उभे राहून एकमेकांना काव्यात टोमणे मारण्याची चाल आहे. महादेवरावांनी आवाज लावला:

"टेप घेऊन काका आले, म्हने मैदान खाली,
बैल म्हने, थांब जरा, माही वेळ आली!"

"हर हर महादेव!" सगळे मैदान गरजले. व्याही लाजले, हसले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मखराचा बैल पुढे झाला, आंब्याच्या पानांचे तोरण तुटले, आणि सारे बैल घुंगरांच्या गजरात घराकडे, आरतीची ताटे घेऊन उभ्या असलेल्या बायांकडे धावले.

थोड्याच वेळात मैदानात काही उरले नाही. चिखलात उमटलेले खूर, चुरगळलेली पाने, बेगडाचे तुकडे. बाई त्या खुरांच्या मधून सावकाश चालत सगळीकडे फिरल्या. मग व्याह्यांना म्हणाल्या, "शब्द मलाही सापडत नाही, काका. पण रिकामी मी लिहिणार नाही."

पुढे अंतिम नकाशा आला. मारुतीमागचा निळा रंग गेला होता. तेथे हिरव्या चौकोनात 'पोळा मैदान' एवढेच होते. नकाशाच्या सूचीत तसा वर्ग नाही, व्याख्याही नाही. महादेवरावांनी पेढे वाटले. व्याह्यांनी पेढा घेतला, आणि संध्याकाळी मला मैदानाच्या कडेला घेऊन गेले. दगडावर बसलो.

"गुरुजी," ते म्हणाले, "औंदा जोड्या किती कमी होत्या! मैदान तर राहिलं. पुढं बैलच राहिले नाही तर याले काय म्हनाचं?"

माझ्या शास्त्रात या प्रश्नाचे उत्तर असेलही. त्या वेळी ते मला आठवले नाही, आणि आठवावे असे वाटलेही नाही. दिवस मावळला, देवळात दिवा लागला. तरी आम्ही उठलो नाही. त्या घटकेला कोणी पाहणीदार आला असता, तर त्याला तेथे दोन म्हातारे बसलेले आढळले असते. तो कोणता वापर, हे त्याने आपले ठरवावे.