साखरखेर्ड्याचा सूर

आमच्या लग्नात साखरखेर्ड्याच्या दोन भावांनी सनई वाजवली होती. थोरले किसनभाऊ गाणं वाजवायचे आणि धाकटे सखारामभाऊ दुसऱ्या सनईवर नुसता एक सूर धरून ठेवायचे. हे नेहमी सांगायचे, "अंतरपाटाआड उभा राहून मी त्या धाकट्याकडेच बघत होतो. हा माणूस श्वास घेतो कधी?" आमच्या लेकीच्या, वर्षाच्या लग्नातही तेच दोघं हवेत, असं यांचं ठरलेलं होतं. हे जाऊन तीन वर्षं झाली. वर्षाचं लग्न फाल्गुनात ठरलं. फोन केला, तर पलीकडून कुणीतरी "आता वाजवत नाहीत" म्हणून ठेवून दिला. मग मीच निघाले.

पिंपळगाव राजाहून सकाळच्या एसटीनं खामगाव. स्टँडवर गरम कचोरी खाऊन घेतली, कारण पुढं चिखलीपर्यंतचे खड्डे रिकाम्या पोटी सोसत नाहीत. बायकांना अर्धं तिकीट आहे. चिखलीहून साखरखेर्ड्याच्या गाड्या कमी, तेव्हा जाणार असाल तर लवकर निघा. रस्ताभर तुरी पिवळ्या झालेल्या होत्या.

कंडक्टरनं विचारलं, "मावशी, कोणाकडं चालल्या?"

"सनईवाल्यांकडे. लग्न हाय पोरीचं."

"आजकाल डीजे लावतेत लोक!"

"त्याले छाती लागत नाही, बटन लागते," मी म्हटलं. मागचे हसले.

सखारामभाऊ अंगणात शेंगा निवडत होते. किसनभाऊ मागच्या दिवाळीत गेल्याचं तिथं कळलं. भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली खुंटीला दोन्ही सनया.

"आजा, बाप, सगळे देवळात वाजवायचे," ते म्हणाले. "बापानं आम्हा दोघांची परीक्षा घेतली. याच्या बोटात गाणं हाय, म्हणे, अन् तुझ्या छातीत दम. चाळीस वर्षं सूर धरला बाई. गाणं चालू असताना एकदाही मोडला नाही. आता वाजवणाराच नाही, तर सूर कोणाला देऊ?"

चहा घेऊन आलेली किसनभाऊंची लेक रेखा म्हणाली, "काका, मला येतं की."

"घरात येतं. मांडवात पोरगी वाजवत नाही आपल्यात."

ती आत पीठ मळायला गेली. मी यांची आठवण सांगितली, तो श्वासाचा प्रश्न. म्हटलं, "भाऊ, तेवढा सूरच ऐकवा."

ते हसले. खुंटीवरची आपली सनई काढली, तिच्या तोंडाची पत्ती जिभेवर ओली केली आणि सूर धरला. गाल फुगलेले, नाकपुड्या हलत होत्या. तेव्हा दिसलं, श्वास ते वाजवता वाजवताच घेत होते.

तेवढ्यात रेखा पिठाचे हात पुसत बाहेर आली, खुंटीवरची बापाची सनई काढली आणि वाजवायला लागली. सखारामभाऊंनी डोळे मोठे केले, मान हलवली. पण गाणं सुरू झालं होतं. सूर मोडायचा नाही, म्हणून त्यांना तिला नको म्हणता येईना! ती दोनदा चुकली, सावरली, आणि शेवटपर्यंत गेली.

सखारामभाऊंनी सनई खाली ठेवून फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "तारीख कोणती म्हणल्या?"

दिवेलागणीला घरी पोचले. पाठ दुखत होती, पण जेवण गोड लागलं. असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

वर्षानं विचारलं, "गाणं कोण वाजवणार मग?"

"किसनभाऊंची लेक."

"अन् सूर?"

"तोच," मी म्हटलं. "बाबांनी ऐकला तोच."