नंबर घालवायला आलेली माणसं

चष्म्याची मुलगी दिसली की नाक मुरडणाऱ्यांनो आणि ‘पाच मिनिटांत चष्मा गायब’ अशी जाहिरात छापून तोटे गिळणाऱ्यांनो, आमच्याकडे साठलेले निम्मे किस्से तुमच्याच कृपेने घडलेत. नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसरआधी पेशंटला समजावण्याचं काम मी करतो. आमच्या डॉक्टर मॅडमचा नियम आहे, आधी तोटे सांगायचे, मग फायदे. मला त्याचा अभिमान आहे.

*

मिरजगावचे एक काका मुलाला लेसरसाठी घेऊन आले. दोघांना सांगितलं, “लेसरनंतर काही महिने डोळे कोरडे पडू शकतात. थेंब घालावे लागतील.”

काका म्हणाले, “म्हंजी डोळ्याला बी टँकर? गावात येतो तेवढा पुरं की.”

मुलाने ऑपरेशन करून घेतलं. थेंबांच्या बाटलीला घरात आता टँकरच म्हणतात.

*

कोल्हारच्या एका गुरुजींना लेसरने चाळिशी टाळायची होती.

मॅडम म्हणाल्या, “लांबचा नंबर जाईल, चाळिशी येणारच. तुम्हाला चष्मा शोभतो, घरी जा.”

गुरुजी तणतणत गेले आणि पुढच्या आठवड्यात शाळेतल्या दोन शिक्षिकांना पाठवलं. का, तर “तिथं गरज नसली तर ‘नाही’ म्हणतात.”

*

अश्विनी कबड्डीत चढाई करते. चष्मा काढून उतरायची, बोनस रेषा अंदाजाने ओलांडायची. तिला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. पण नंबर अजून वाढत होता, म्हणून मॅडमनी वर्षभर थांबवलं.

“निवड हुकली तर तुमी देनार का भरून?”

“नाही. पण डोळाही भरून देता येत नाही गं.”

निवड हुकली. तरी वर्षाने, नंबर स्थिरावल्यावर, ती आमच्याकडेच आली.

जुन्या लेसरमध्ये बुबुळावरचा पापुद्रा उचलतात. खेळताना फटका बसला तर तो सरकायची भीती. नव्यात बारीक छेदातून काम होतं, म्हणून तिच्यासाठी तेच ठरलं. “पण नजर निवळायला जरा वेळ लागेल, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील,” मी बजावलं.

“दिसू द्या. रेषा दिसली म्हंजी झालं.”

*

पुढच्या निवड सामन्याला आम्ही सगळे गेलो. शेवटच्या चढाईत पंचांनी तिचा बोनस रेषेचा गुण नाकारला. अश्विनी भांडली नाही. मातीत रेषेपलीकडे उमटलेल्या स्वतःच्या पावलाकडे तिने बोट दाखवलं. पंच वाकले, पाहिलं आणि गुण दिला. सामना जिंकला, संघात तिचं नाव आलं.

बाहेर पडताना तिचे चुलते मॅडमच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, त्या पंचाचा बी नंबर काढा की.”