थांबवलेलं वय

मी सिरसाळ्याची. बीडला खोली करून कॉम्प्युटर शिकत होते, तेव्हाची गोष्ट. गावात नुकतंच एसटीडीचं पिवळं बूथ आलं होतं आणि मी स्वतःला लई शहाणी समजत होते.

सरावासाठी मी ‘माणूस’ नावाचा क्लास, म्हणजे माणसाच्या माहितीचा साचा, प्रोग्रॅममध्ये लिहिला. त्यात आम्ही भावंडं आणि गल्लीतल्या मैत्रिणी भरल्या. वयासाठी वाचायचं एक फंक्शन, लिहायचं दुसरं, नुसती कटकट. शिकवणारे सर म्हणाले, “एवढा कुटाणा कशाला? प्रॉपर्टी कर.” म्हणजे बाहेरून वय हा साधा आकडा दिसतो, पण विचारलं की आत कोड चालतो आणि जन्मतारखेवरून आजचं वय काढून देतो. वय कुठे लिहून ठेवायचंच नाही. मला हे फार आवडलं.

सवयीने मी धाकट्या भावालाही त्यात घातलं होतं. तो नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी गल्लीतल्या सगळ्याच पोरांची तीच टाकली होती.

एक जूनला सकाळी प्रोग्रॅम चालवला. सगळ्यांची वयं एकदम वाढली होती. कुणी काही टाइप केलं नव्हतं. भाऊ विसाचा एकवीस झाला होता. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. शेताच्या कडेला, मातीखाली, तो बसल्या जागी वाढत होता आणि मी विचारलं की उत्तर देत होता. मी घाबरून मॉनिटर बंद केला. शेजारच्या सीपीयूच्या डब्यातला पंखा घरघरतच राहिला.

दुपारी आई शेंगदाण्याची चटणी घेऊन एसटीने आली. काय शिकतेस ते दाखव म्हणाली. माझी टाळाटाळ चालली नाही. तिला वाचता येत होतं.

“ह्यो कावून हाय हितं?” तिने भावाच्या नावावर बोट ठेवलं. “एकवीस?”

“मीच घातला. वय आपोआप वाढतं.”

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, तिला बरं वाटतंय.

“मिशा फुटल्या असत्याल,” ती म्हणाली. मग हळूच, “मी वळकायची न्हाई त्याला आता. थांबीव, बाई.”

सगळ्यांचं वय एकाच जागी निघत होतं, म्हणून बदलही तिथेच करायचा होता. माणूस गेलेला असेल तर तो गेला त्या तारखेपर्यंतच मोजायचं. ओळ लिहिली, पण भावाची ती तारीख माझ्याच्याने टाइप होईना. आईने एकेक आकडा सांगितला, मी दाबला. एकवीसच्या जागी नऊ आले.

आईने पदराने काच पुसली.

“हां,” ती म्हणाली. “ह्यो माझा.”