डावी सीट

फौजेतून हवालदार म्हणून निघालो, तेव्हापासून माझं पोस्टिंग विचुंबे गावात, स्वतःच्या गॅरेजवर. पत्र्याची शेड, खाली उतरून काम करायला एक खड्डा, दोन जॅक. जासईच्या कंटेनर यार्डांत फेऱ्या मारणारे टेम्पो येतात. पोटासाठी वजन ओढून स्प्रिंगचे पाटे तुटलेले असतात. ते काम मी मनापासून करतो.

दुसरी जमात शौकिनांची. एकदा कोऱ्या पिकअपमधून प्रशांतशेठ उतरले. डोळ्यांवर गॉगल, अंगात फौजी छापाची पँट. ती पँट ज्यानं कमावलेली नाही त्याच्या अंगावर दिसली की माझं टाळकंच सरकतं.

"काका, गाडी उचलून द्या. मोठे टायर, विंच, स्नॉर्कल, सगला. एकदम आर्मी लुक पायजे."

"जाणार कुठं?"

"फार्महाऊसला."

"वाटेत नदी आहे?"

"नाय ओ. डांबरी रस्ता हाय."

विंच म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायची चरखी. स्नॉर्कल म्हणजे पाण्यात इंजिनाला हवा मिळावी म्हणून टपापर्यंत नेलेली नळी. डांबरी रस्त्यावर ही दोन्ही काय डोंबल करणार? पण गिऱ्हाईक. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, लांब यू-बोल्ट आवळले, गाडी चांगली वीतभर वर आली. शेठ चारही बाजूंनी फोटो काढत फिरले. टेंभा मिरवायला गाडी तयार झाली, एवढंच.

"चावी द्या. पोरांना मागं हौद्यात बसवतो, डोंगराच्या कच्च्या रस्त्यानं एक राऊंड मारतो."

"ट्रायल बाकी आहे."

"आता कसली ट्रायल? चकाचक दिसते ना!"

दिसते! दिसण्यावर जीव टाकणारा माणूस मी फौजेतही पाहिला आहे. तो तर स्वतः मेकॅनिक होता.

तेव्हा आमचं युनिट उत्तरेला पहाडात होतं. मी वर्कशॉपमध्ये. सकाळी पी.टी., मग गाड्यांची तपासणी, संध्याकाळी रोल कॉल. आमच्या वर्कशॉपचा एक दस्तूर होता. ज्यानं गाडीला पाना लावला, त्यानं पहिल्या ट्रायलला ड्रायव्हरच्या डावीकडे बसायचं. डावीकडचा माणूस आपल्या बाजूची चाकं बघतो, आवाज ऐकतो, गडबड दिसली की ड्रायव्हरला थांबवतो. शिवाय स्वतःचा जीव गाडीत असला की बोल्ट आपोआप नीट आवळला जातो.

एक मोठे साहेब भेटीला येणार होते. सुभेदारसाहेबांच्या डोक्यात आलं, एक जुनी पिकअप उंच करून दगडी नाल्यातून पळवून दाखवायची. मी ठोकळे घातले. ड्रायव्हर होता नायक दत्ताराम, करंजाचा कोळी. दोघं एकाच जिल्ह्यातले, म्हणून माझ्याशी तो घरच्या बोलीत बोलायचा.

"उस्ताद, गाडी उंच झाली, पन ब्रेकची नळी तवरीच हाय ना?"

बरोबर हेरलं होतं त्यानं. ब्रेकची रबरी नळी चासीपासून ॲक्सलपर्यंत जाते. गाडी उभी असताना ती ठीक दिसते. चाक हवेत लटकलं की ॲक्सल खाली जातो, नळी ताणते आणि तुटते. त्या जुन्या गाडीत चारही चाकांचा ब्रेक एकाच लाइनवर होता; एक नळी तुटली की सगळे ब्रेक गेले. मी सुभेदारसाहेबांकडे गेलो.

"साहेब, चाक लटकवून नळी बघू द्या. लांब नळी मागवावी लागेल."

"मला शिकवतोस? मेहमान निघाले आहेत. तू वायरलेस सेट घेऊन नाल्यात उभा राहा. डावीकडे मी बसतो."

त्यांना सगळं ठाऊक होतं. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेलं. पण मोठ्या साहेबांसमोर डाव्या सीटवर ऐटीत बसायचं होतं ना!

मी खाली नाल्यात. वर गाडी दिसली, मागे चार जवान. तेवढ्यात मेहमानांची जिप्सी आली आणि सुभेदारसाहेब टुणकन उतरून सॅल्यूट ठोकायला धावले. तिथूनच त्यांनी हात हलवला. सेटवर त्यांचा आवाज आला.

"लो गिअर नको. स्पीड दाखव. ओव्हर."

"साहेब, बाजूला कोनी नाय. ओव्हर," गाडीतल्या सेटवरून दत्ताराम म्हणाला.

"चल म्हटलं ना! आऊट."

हुकूम तो हुकूम. गाडी उतारावर आली. मागचं डावं चाक दगडावरून सुटून हवेत लटकलं आणि मला नळीच्या जागी ब्रेकच्या तेलाची पिचकारी दिसली. मी सेटवर ओरडलो, "नळी तुटली! पोरांना उतरव!"

"जवान उडी मारा! उडी मारा!" दत्ताराम ओरडला. त्यानं गाडी डोंगराला घासत नेली, वेग थोडा कमी केला. चौघं उडी मारून वाचले. मग वळणावर कडा संपला आणि गाडी दरीत गेली.

सुभेदारसाहेब नंतर म्हणाले, ड्रायव्हर घाबरला. थू! चार पोरं उतरेपर्यंत स्टिअरिंग न सोडणारा माणूस घाबरला म्हणे. मी चौकशीत सगळं सांगितलं. सुभेदारसाहेबांची बदली झाली, बस्स.

दत्तारामचं पार्थिव घेऊन मी करंजाला आलो. गोळीनं मेला नव्हता, त्यामुळे पुढारी नाहीत, बॅनर नाहीत. दारात जाळी, बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत होते. आई रडली नाही. मला समोर बसवून तिनं विचारलं,

"आमी होडीत एकट्याला नाय धाडत, बाबा. माज्या दत्तूचे बाजूला कोन व्हता?"

 

म्हणून चावी न देता मी शेठची गाडी जॅकवर घेतली आणि मागचं चाक लटकवलं. नळी तारेसारखी ताणली. शेठना खड्ड्यात उतरवून ती दाखवली. त्यांनी गॉगल काढला. लांब नळी बसवेपर्यंत गाडी शेडमध्येच राहिली, आणि पोरं हौद्यात बसणार नाहीत असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

मग ट्रायल. शेठ स्टिअरिंगवर बसले आणि हसले.

"काका, तुमी कशाला येता? मी जातो की एकटा."

"एकट्याला नाही धाडत," मी म्हटलं आणि डावीकडे चढून बसलो.