माझं सभासदत्व काढून घेतलं त्यानंतर

ताई, मी निघाले त्या दिवशी बाबा विमानतळावर आले नाहीत. निगडीच्या घराच्या दारातच माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कुठंही राहा, पण चार माणसांत राहा." सुनील महिनाभर आधीच मेलबर्नला गेला होता. तू शेवटपर्यंत माझ्या बॅगेचं वजन करत होतीस.

मेलबर्नच्या टोकाला, पॉइंट कुकला, चार माणसं कुठली? नवी कोरी घरं, गॅरेजची दारं बंद. सुनील सकाळी फ्रीवेला लागला की संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. ईशा झाली तेव्हा मी आजारी पडले, आणि शेजारची मेले नावाची बाई तिच्या चर्चमधल्या बायकांना घेऊन आली. ती टोंगा बेटांवरची. त्या बायकांनी दीड महिना आमचा स्वयंपाक केला. मी शाकाहारी, म्हणून रोज भोपळा नाहीतर रताळी. वर्षभराने मी आणि सुनीलने त्यांच्या मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा घेतला.

पंथाला चालत नाही म्हणून चहासुद्धा सोडला म्हटल्यावर आईला हसावं की रडावं कळेना. बाबा मात्र फोनवर शांतपणे म्हणाले, "तू ऑस्ट्रेलियाला गेलीस तेव्हा गेलीस असं वाटलं नव्हतं. आज वाटलं." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. ते गेले तेव्हा मी पोचेपर्यंत दहावा झाला होता. त्याच वर्षी आम्ही तिघं इथल्या मॉर्मन मंदिरात कायमचे बांधले गेलो, म्हणजे मेल्यानंतरही एकत्र राहणार असा तो विधी. बाबांना मुकल्यावर मला त्याचा केवढा आधार वाटला, ते तुला कधी सांगितलं नाही.

आमच्या चर्चमध्ये रविवारी प्रसादासारखे ब्रेड आणि पाण्याचे ट्रे फिरवायचा मान पौरोहित्य मिळालेल्या मुलग्यांनाच असतो. ईशा अकरा वर्षांची असताना तिने विचारलं, "Why not me, Mum?" मी चर्चमधल्या बायकांच्या वर्गात विचारलं, धीर धर म्हणाल्या. मग मी फेसबुकवर स्वतःच्या नावाने लिहिलं, की बायकांना पौरोहित्य नाकारणं ही चर्चच्या पुढाऱ्यांची चूक आहे. ते पसरलं. मी एका पॉडकास्टवरही बोलले. आमचे बिशप, म्हणजे आमच्या मंडळीचे बिनपगारी प्रमुख, पेशाने प्लंबर, आमचा गीझर त्यांनी फुकट दुरुस्त केला होता. ते दोनदा घरी येऊन विनवून गेले. प्रश्न मनात असायला हरकत नाही, म्हणाले, पण पुढारी चुकतात असं जाहीरपणे सांगून इतरांना ओढू नकोस.

शेवटी पत्र आलं. शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत arvoला, मला वरच्या पुढाऱ्यांसमोर बोलावलं. सुटातले तीन पुरुष. आधी प्रार्थना झाली. मी सांगितलं, मला सोडून जायचं नाहीये, माझा विश्वास आहे. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "सिस्टर, ती पोस्ट काढ, आपण सगळे घरी जाऊ." मी म्हटलं, जे खरं वाटतं ते कसं काढू? अर्धा तास मला बाहेर बसवलं आणि मग निर्णय सांगितला. सभासदत्व गेलं. मंदिरातलं ते कायमचं बांधलेपणही माझ्यापुरतं गेलं.

घरी आल्यावर सुनील बूट काढताना म्हणाला, "एक पोस्टच होती ना गं?"

आईला कळल्यावर तिला आनंद झाला. "सुटलीस," म्हणाली, "आता दिवा लाव." मी लावूनही पाहिला, ताई. हात जोडले, पण आतून काही येईना. ज्यांनी मला काढलं त्यांच्याच देवावर माझा विश्वास आहे, हे मी तिला कसं सांगू?

मी अजून दर रविवारी जाते. कुणी अडवत नाही. फक्त प्रार्थना म्हणायची नाही, बोलायला उठायचं नाही, ट्रे आला की काही न घेता पुढे द्यायचा. मेले हात करते, पण थांबत नाही. ईशा आता तेरा वर्षांची आहे. ती सुनीलबरोबर पुढे बसते. मी सोबत बसले तर लोक बघतात, म्हणते. परवा तिला म्हटलं, तुझा तो प्रश्न अजून आहे का गं? ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "What question?"

तू विचारतेस, घरी कधी येतेस. निगडीला आले तर आई दिवा लावायला लावेल. इथे मी तिघांचा डबा भरते, तिघांचे कपडे वाळत घालते, आणि त्या दोघांच्या विश्वासाप्रमाणे मेल्यावर मी त्यांच्यात नसेन. माझ्याही विश्वासाप्रमाणे.