बेटीच्या दारासमोरची भिंत

बोरीवलीच्या आमच्या गावठाणात बेटीच्या दाराशी थांबल्याशिवाय कोणी पुढे गेलं असेल तर शपथ. घर केवढंसं, पण डोकं लावून बांधलेलं. तिच्या सासऱ्याने आधी आल्ताराची, म्हणजे देव्हाऱ्याची, जागा ठरवली, मग त्याच्या बरोबर समोर दार काढलं आणि खिडकीखाली भिंतीतच बाक बांधून घेतला. ऑक्टोबरात घरोघर रोझरी फिरते, म्हणजे मारिया माऊलीची मूर्ती रोज नव्या घरी जाते आणि तिच्यापुढे माळेची प्रार्थना होते. बेटीकडे आली की बायका आत बाकावर, पुरुष ओट्यावर, पोरं पायऱ्यांवर, आणि कुठूनही बघा, माऊली समोर.

मग सगळ्यांची घरं बिल्डरने घेतली आणि तिथेच टॉवर ठोकला. आधी आमची भिंतीला भिंत होती, आता बेटी तिसऱ्या मजल्यावर आणि मी सातव्या. तिचा नवरा बर्नार्ड त्याआधीच गेला. मुलगा डेरिक लोकांच्या घरांचं इंटिरियर करतो. आईच्या घरात पोराने जीव ओतला, खोटं कशाला बोलू? दारातून शिरलं की समोर भिंत. डावीकडून वळून हॉलमध्ये जायचं, उजवीकडे अरुंद पॅसेज. त्या पॅसेजच्या टोकाला त्याने कोनाडा केला, त्यात आल्तार, वरून पिवळा उजेड. झकास दिसत होतं. मीसुद्धा वा वा केली.

यंदा रोझरीची पाळी बेटीकडे आली. डेरिक म्हणाला, खाली क्लबहाउसमध्ये करू, एसी आहे. बेटी भडकली. माऊली घरी येते, क्लबात येत नाही, म्हणाली. राहायला आल्यापासून त्या दारात कुरिअरवाल्याशिवाय फारसं कोणी फिरकलं नव्हतं. एकदा तरी घर माणसांनी भरावं, एवढंच तिला हवं होतं. रोझरीनंतर हातावर ठेवायचे चणे तिने सकाळीच उकडायला टाकले.

माणसं आली, भरपूर आली, आणि वाट लागली. पॅसेजमध्ये रांग झाली. पुढच्या दोघांना माऊली दिसे, बाकीच्यांना पुढच्याची पाठ. हॉलमधले बंद टीव्हीसमोर हात जोडून बसले. उरलेले बाहेर लिफ्टपाशी. आतल्यांचं 'नमो मारिये' संपायचं तेव्हा लिफ्टवाले निम्म्यावर असायचे. आमेन झाल्यावर बाहेरचे चणे घेऊन परस्पर लिफ्टने गेले. त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्च्या तशाच राहिल्या.

मी आवरायला थांबले. बेटी दारासमोरच्या भिंतीला हात लावून उभी होती.

"ही काढ," ती डेरिकला म्हणाली. "आल्तार पलीकडे हॉलमध्ये घेऊ. दारातून दिसू दे."

डेरिक म्हणाला, निघाली असती तर पहिल्या दिवशीच काढली असती. सगळी बिल्डिंग अशाच भिंतींवर उभी आहे. आतला माणूस कुठून येईल, कुठे बसेल, कुठे बघेल, हे आधी ठरवतात आणि मग भिंती घालतात. इथे कोणी विचारलंच नाही. मी आलो तेव्हा लाकूड आणि दिवे एवढंच हातात उरलं होतं. त्या बिल्डरला मी मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

बेटी पॅसेजमध्येच खाली बसली.

"मला आपल्या घरी जायचंय, डेरिक."

जुनं घर होतं त्या जागेच्या बरोबर तीन मजले वर बसून ती हे म्हणत होती. तू घरीच आहेस गो, असं मला काही तिला म्हणवेना.

डेरिक तिच्या शेजारी बसला.

"मला पण, ममा," म्हणाला.